मुलांच्या शोधाची उलटतपासणी: विज्ञान प्रदर्शनाचं मॉडेल करण्याआधी

मी चिपळूण तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. भाताची लावणी उरकली की आमच्याकडे विज्ञान प्रदर्शनाचे वारे वाहू लागतात. केंद्र सरकारच्या इन्स्पायर मानक या योजनेसाठी नावं भरायची असतात. कल्पना निवडली गेली तर मुलाच्या खात्यात १०,००० रुपये जमा होतात, त्यामुळे पालकही हिरिरीने उतरतात. मग मुलावर प्रश्नांची सरबत्ती होते. चालेल का? खर्च किती? मागच्या वर्षी कुणी केलंय का? तुझ्या या यंत्राने कुणाचं नुकसान होईल का, आणि होईल तर कुणाचं, हे मात्र कुणी विचारत नाही.

तो प्रश्न कधी विचारायचा, कसा विचारायचा आणि उत्तर आलं की पुढे काय करायचं, ते इथे लिहितेय. लिहिलंय शिक्षकांना डोळ्यांसमोर ठेवून, पण पालकांनाही घरच्या घरी जमेल. कल्पक मुलं मला मनापासून आवडतात. माणसाच्या कल्पकतेने केलेलं नुकसान आपण पुस्तकात फक्त अणुबॉम्बच्या धड्यात दाखवतो आणि बाकी सगळं 'विज्ञानाची देणगी' म्हणून सोडून देतो, हे मला पटत नाही. बहुतेक नुकसान बॉम्ब करणाऱ्यांनी केलेलं नाही. ते भल्या माणसांनी, भल्या हेतूने, घाईत केलेलं आहे.

आधी वेळेचं बघू. ही चौकशी प्लायवूड कापायच्या आधी झाली पाहिजे. फेव्हिकॉल वाळला, रंग दिला, एलईडीची माळ पेटली की मॉडेलवर मुलाचा जीव जडतो आणि खरं सांगायचं तर आपलाही जडतो. त्यानंतर काढलेली कुठलीही शंका मुलाला अपमानासारखी वाटते. म्हणून कल्पना कागदावर असतानाच बसा. दोन तासिका पुरतात. सोबत वर्गातली दोन-तीन मुलं घ्या, पण जिवलग मित्र नकोत, ते 'भारी आहे' एवढंच म्हणतात. दुसऱ्या वाडीतली, वेगळ्या घरातली मुलं घ्या. आणि शाळेबाहेरचं एक माणूस गाठा, म्हणजे वायरमन, गुराखी, आशाताई, मच्छी विकणारी मावशी, ज्याचा त्या विषयाशी रोजचा संबंध असेल असं कुणीही. त्या माणसाला शाळेत बोलावण्यापेक्षा मुलाला त्याच्याकडे पाठवा. शाळेत आलेला माणूस बाईंना बरं वाटेल असं बोलतो.

वहीची उजवी बाजू

मुलाला वही उघडायला सांगा. डाव्या पानावर त्याने लिहायचं: माझं यंत्र काय करतं आणि कुणासाठी करतं. उजव्या पानावर लिहायचं: ज्याने हे यंत्र मागितलेलं नाही, तरी ज्याच्या वाट्याला ते येईल, असं कोण कोण आहे. डावं पान पाच मिनिटांत भरतं. उजवं कोरं राहतं. ते कोरं राहू द्या. आपण भरून दिलं तर मूल ते फक्त उतरवून घेतं.

एका वर्षी नववीतल्या एका मुलाने रानडुकरं हाकलणारं कुंपण आणलं होतं. त्याच्या घरची नाचणी आणि कणगरं (कंद) डुकरांनी उकरून टाकली होती. वडील रात्र रात्र माळ्यावर बसून राखण करायचे. म्हणजे विषय त्याच्या पोटातून आलेला होता. प्लायवर छोटं शेत, भोवती तांब्याची तार, नऊ व्होल्टची बॅटरी, प्लॅस्टिकचं डुक्कर तारेला लागलं की बझर वाजायचा. डाव्या पानावर त्याने सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'शेतकऱ्यासाठी. डुक्कर शॉक बसून पळून जाईल.'

मी विचारलं, "खऱ्या शेतात वीज कुठून घेणार?"

"पंपाच्या लायनीतून, बाई. आमच्याकडे तशीच घेतात."

उजवं पान कोरं होतं. मी त्याला फळ्यावर त्याच्या शेताचा नकाशा काढायला लावला. बांध, वहाळ म्हणजे ओढा, पाखाडीची पायवाट, शेजाऱ्याचा काजू, सगळं. मग म्हटलं, काळोख पडल्यापासून उजाडेपर्यंत इथून कोण कोण जातं, ते खडूने दाखव. त्याने एक रेघ काढली, आजी पहाटे सरपणाला जाते ती. दुसरी शेजारच्या काकांची, त्यांची म्हैस सुटली की ती इथूनच येते. मग तो जरा थांबला आणि वहाळाच्या कडेने एक लांब रेघ ओढली. पहिल्या पावसात रात्री बॅटऱ्या घेऊन मुलं कुर्ल्या पकडायला जातात, तिची. त्या मुलांत तो स्वतः होता. ती रेघ त्याच्या कुंपणाला दोन ठिकाणी छेदत होती.

अशा वेळी भाषण द्यायचं नसतं. तिथे विज्ञान शिकवायचं असतं, कारण आता ते ऐकायला मूल तयार असतं. घरातली २३० व्होल्टची वीज सेकंदाला ५० आवर्तनं घेत अखंड वाहते. ती हातातून गेली की स्नायू आखडतात, मूठ मिटते आणि माणूस तार सोडू शकत नाही. त्यात पाय अनवाणी आणि जमीन ओली असेल तर शरीराचा अडथळा आणखी कमी होतो. कुंपणासाठी बाजारात मिळणाऱ्या झटका मशीनचं काम वेगळं आहे. तिचा दाब हजारो व्होल्टचा असतो, पण झटका सेकंदाच्या अगदी छोट्या अंशापुरता आणि साधारण सेकंदाला एकदा. मधल्या वेळात तार मोकळी असते, त्यामुळे लागलेलं जनावर किंवा माणूस मागे होऊ शकतं. व्होल्ट जास्त म्हणजे धोका जास्त, असं मुलांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. विद्युतधारा, वेळ आणि अखंडपणा या तीन गोष्टी त्या दिवशी आमच्या वर्गाला पुस्तकाशिवाय समजल्या.

कुंपणात थेट लाईन सोडणं हा गुन्हा आहे, आणि त्यात माणूस दगावला तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होतो, हेही मुलांना स्पष्ट सांगा. विदर्भात अशा तारांनी वाघही गेले आहेत. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यातल्या प्रसिद्ध 'जय' वाघाचा बछडा श्रीनिवास २०१७ साली नागभीड भागात शेताच्या तारेला लागून मेला. तार डुकरासाठी लावलेली होती. तारेला समोर कोण आलंय ते कळत नाही, हे वाक्य मुलाने त्याच्या वहीत स्वतःहून लिहिलं.

'मग?' विचारत जायचं

दुसरी पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगते. वस्तूचं काम संपल्यावर ती कुठे जाते? मूल उत्तर देतं, 'कचऱ्यात'. तिथे थांबायचं नाही. प्रत्येक उत्तरावर 'मग?' विचारायचं.

हा खेळ मी आधी मुलांच्या मॉडेलवर खेळत नाही, गिधाडांवर खेळते. आपलं मॉडेल समोर असलं की मूल बचावाला उभं राहतं. दुसऱ्याचा शोध असला की ते मोकळं बोलतं. फळ्यावर गाय काढायची. गाय लंगडतेय, अंगात ताप आहे. डॉक्टर डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन देतात. मग?

"बरी होते."

काही बऱ्या होतात. काही इतक्या आजारी असतात की औषध देऊनही एक-दोन दिवसांत मरतात. मग?

"गावाबाहेर नेऊन टाकतात."

मग? इथे वर्ग गप्प होतो, कारण आजच्या मुलांनी गिधाड पाहिलेलं नाही. गुरं टाकायच्या जागेवर शंभर-शंभर गिधाडं उतरायची आणि तास-दोन तासांत फक्त सांगाडा उरायचा, हे त्यांच्या आज्या-आजोबांनी पाहिलेलं आहे. म्हणून मी आदल्या दिवशी घरी विचारून यायला सांगते. मुलं फार छान वर्णनं घेऊन येतात.

डायक्लोफेनॅक मूळचं माणसांसाठीचं, गुणकारी वेदनाशामक. १९९०च्या दशकात ते स्वस्त झालं आणि गुरांना सर्रास दिलं जाऊ लागलं. मेलेल्या जनावराच्या मांसात राहिलेला त्याचा अंश गिधाडाच्या मूत्रपिंडाला झेपत नाही. रक्तात युरिक आम्ल साठतं, हृदय-यकृतावर त्याचा खडूसारखा पांढरा थर चढतो आणि पक्षी काही दिवसांत मरतो. भरतपूरच्या केवलादेवमध्ये पक्षी अभ्यासकांना गिधाडं माना टाकून बसलेली, झाडांखाली पडलेली दिसू लागली. रोग असेल, कीटकनाशक असेल, असे पुष्कळ तर्क झाले. खरं कारण पाकिस्तानच्या पंजाबात काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी शोधलं आणि २००४ साली ते प्रसिद्ध झालं. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं जवळजवळ संपली होती. १९९२ ते २००७ या काळात भारतात त्यांची संख्या ९९ टक्क्यांहून जास्त घटली.

इथे एक मूल हमखास विचारतं की सगळ्या गाईंना थोडंच इंजेक्शन दिलं होतं? प्रश्न उत्तम आहे, त्याला शाबासकी द्या. शंभर मेलेल्या जनावरांत एकापेक्षाही कमी जनावर विषारी असलं तरी एवढी घट होऊ शकते, असं गणित शास्त्रज्ञांनी मांडलं. एका जनावरावर पुष्कळ गिधाडं जेवतात आणि ती आयुष्यभरात शेकडो जनावरांवर उतरतात. शिवाय मादी वर्षाला एकच अंडं घालते. वाचलेल्यांना भर घालायला वेळच मिळाला नाही. शक्यतांचं हे गणित दहावीच्या संभाव्यतेच्या धड्यात मी पुन्हा काढते.

मग? मढी सडली, भटकी कुत्री वाढली, रेबीज वाढला, पाण्यात घाण गेली. मुंबईत डुंगरवाडीवर पारशी समाजाचा अंत्यविधी गिधाडांवर अवलंबून होता, तिथे सूर्यकिरण एकवटणाऱ्या परावर्तकांची सोय करावी लागली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासात, गिधाडं असलेल्या आणि नसलेल्या जिल्ह्यांची आकडेवारी ताडून, २००० ते २००५ या काळात सुमारे ५ लाख जास्तीचे मानवी मृत्यू झाले असा अंदाज मांडला आहे. गाईच्या लंगडण्यापासून आपण इथवर आलो.

आता मुलांना विचारा, यात दुष्ट कोण? औषध शोधणारा? पशुवैद्य? गाय वाचवू पाहणारा शेतकरी? वर्गात यावर जोरात वाद होतो. होऊ द्या.

गोष्ट इथे सोडू नका. उपायाची बाजूही सांगा, नाहीतर मुलं हताश होतात. २००६ साली गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली आणि मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न मारणारं औषध पर्याय म्हणून पुढे आलं. पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांकडे वळू लागल्या, म्हणून २०१५ साली माणसांच्या इंजेक्शनची बाटली ३ मिलीपुरती मर्यादित केली. मग कळलं की इतर काही वेदनाशामकंही तशीच घातक आहेत. २०२३ साली गुरांसाठीच्या किटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅकवरही बंदी आली. म्हणजे उपायालाही 'मग?' विचारावं लागतं. आमच्या शेजारच्या रायगड जिल्ह्यात, म्हसळ्याजवळच्या चिरगावात, गावकऱ्यांनी आणि अभ्यासकांनी मिळून गिधाडांची घरटी जपली आहेत. मुलांना नकाशावर ते गाव दाखवा. चिपळूणपासून ते फार लांब नाही.

यानंतर मुलाच्या स्वतःच्या मॉडेलकडे या. 'मग?' चार-पाच वेळा पुरे होतं. त्यापुढे मुलं वाहवत जातात आणि प्रत्येक साखळी जगबुडीवर संपते. एक नियम ठेवा: प्रत्येक उत्तर पाहिलेलं असावं किंवा कुणाला तरी जाऊन विचारता येईल असं असावं. 'असं होऊ शकतं' एवढ्यावर भागवायचं नाही.

माहीत होतं की माहीत नव्हतं

आठवी-नववीच्या मुलांना थॉमस मिजली या अमेरिकन संशोधकाची गोष्ट सांगावी. एकाच माणसाने दोन शोध लावले आणि दोन्हींनी जगाचं नुकसान केलं. पण दोन्ही नुकसानांची जात वेगळी आहे, आणि मला मुलांपुढे नेमकं तेच ठेवायचं असतं.

पहिला शोध १९२१चा. इंजिनात होणारी ठोठो थांबवण्यासाठी त्याने पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घातलं. शिसं विषारी आहे हे हजारो वर्षांपासून माहीत होतं. अल्कोहोलने काम भागतं हेही माहीत होतं, पण त्यात एकाधिकाराचा पैसा नव्हता. मिजलीला स्वतःला शिशाची बाधा होऊन १९२३ साली सुट्टी घ्यावी लागली. १९२४ साली न्यू जर्सीच्या कारखान्यात कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. त्यानंतर त्याच मिजलीने पत्रकारांसमोर ते रसायन हातावर चोळून दाखवलं, काही होत नाही म्हणून. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली थांबलं, आणि जगातल्या शेवटच्या देशात, अल्जेरियात, थेट २०२१ साली.

दुसरा शोध फ्रिऑन. त्याआधीच्या फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असे वायू असत. गळती झाली की झोपेतली माणसं मरत. त्याच्या जागी न जळणारा, न बाधणारा वायू मिजलीने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आणला. १९३० साली त्याने तो सभेत छातीत भरून घेतला आणि मेणबत्तीवर फुंकून ती विझवून दाखवली. यात खोटं काही नव्हतं. माणसाला तो खरोखर सुरक्षित होता. ओझोनच्या थराला तो काय करेल हे मोलिना आणि रोलँड या शास्त्रज्ञांनी १९७४ साली मांडलं, त्या थरातलं अंटार्क्टिकावरचं छिद्र १९८५ साली जाहीर झालं आणि असे वायू थांबवण्यासाठी १९८७ साली माँट्रियलचा करार झाला.

मुलांना मी वहीत दोन रकाने आखायला लावते: 'आधीच कुणाला तरी माहीत होतं' आणि 'कुणालाच माहीत नव्हतं'. मग विचारते, तुझ्या मॉडेलचा धोका कुठल्या रकान्यात? बहुतेक वेळा तो पहिल्या रकान्यात निघतो. सातवीतल्या एका मुलीने डासांसाठी धूप केला होता, अंड्यांचे ट्रे, कडुलिंबाचा पाला आणि कापूर घालून. खरंच डास जायचे. मी विचारलं, धूर झाल्यावर घरात कोण असतं? ती हळूच म्हणाली, "धाकट्याला दम लागतो, बाई. आई त्याला ओटीवर नेते." म्हणजे उत्तर घरातच होतं, फक्त प्रयोगाच्या वहीत आलेलं नव्हतं. असं उत्तर आलं की मुलाला ओरडायचं नाही. ज्याला त्रास झाला त्याचं म्हणणं निरीक्षण म्हणून तारखेसकट लिहायला लावायचं. त्या मुलीने पुढे धूप सोडून पाण्याच्या टाक्यांना जाळीची झाकणं शिवली.

दुसऱ्या रकान्यातला धोका शोधणं कुणाच्याच हातात नसतं. तिथे मुलाने एवढंच ठरवायचं: वर्षभराने काय तपासायचं, आणि वाईट दिसलं तर ही गोष्ट बंद कशी करायची. बंद करता येत नाही अशी वस्तू, उदाहरणार्थ ओढ्यात सोडलेला मासा किंवा माळावर पेरलेलं परदेशी झुडूप, मी शाळेच्या प्रदर्शनात घेत नाही.

व्हिडिओतून पाहिलेला शोध

ही पायरी पूर्वी नव्हती, आता ती टाळताच येत नाही. माकडांना पळवण्यासाठी शेतकऱ्यांनी पाइप आणि कार्बाइडचा आवाज करणारा जुगाड केला. कोकणात माकडांनी काय उच्छाद मांडलाय हे मला सांगायला नको, त्यामुळे त्या शेतकऱ्यांबद्दल माझ्या मनात राग नाही. पण त्याचे व्हिडिओ फिरले, फटाका म्हणून ते विकलं गेलं, आणि २०२५च्या दिवाळीत मध्य प्रदेशात कितीतरी मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली, काहींची दृष्टी गेली. बार उडाला नाही म्हणून मूल नळीत डोकावतं. लहान मुलं डोकावतातच.

म्हणून प्रत्येक मुलाला विचारा: तुझ्या यंत्राचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ तुझ्याहून चार वर्षांनी लहान भावाने पाहिला, तर तो पहिली गोष्ट कोणती करेल? उत्तर 'घरी करून बघेल' असं आलं आणि त्यात इजा होण्यासारखं काही असलं, तर तो विषय तिथेच सोडायचा. याबाबतीत माझ्या शाळेत घासाघीस होत नाही. स्फोट, थेट लाईन, विष, जनावरांचे फासे आणि डोळ्यांच्या उंचीवरचा लेझर बंद. मिरवणुकीतल्या लेझरने डोळ्याच्या पडद्याला इजा झालेली पोरं आपल्याच राज्यात आहेत. आणि असे जुगाड कसे करतात ते समजावण्यासाठीसुद्धा वर्गात करून दाखवू नका.

वाईट मनाचा माणूस

चांगलं यंत्र वाईट मनाच्या माणसाच्या हाती गेलं तर काय होतं, हे मोठ्या मुलांशी बोलायला हवं, विशेषतः मुलींसमोर आणि मुलग्यांसमोर एकत्र. ग्लासगोत इयान डोनाल्ड यांनी धातूतल्या भेगा शोधणारं ध्वनियंत्र बायकांच्या पोटावर वापरून पाहिलं आणि १९५८ साली ते काम प्रसिद्ध केलं. त्या सोनोग्राफीने असंख्य बाळंतिणी वाचल्या. आपल्याकडे गर्भातल्या मुली मारायला तंत्र वापरलं जाऊ लागलं म्हणून १९८८ साली महाराष्ट्राने देशात पहिल्यांदा कायदा केला, केंद्राचा कायदा १९९४ला आला. तरीही २०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. यंत्राने भेदभाव आणला नाही. तो घराघरात होताच, यंत्राने त्याला सोपी वाट करून दिली.

हे सांगून झालं की महिला सुरक्षेचं मॉडेल समोर ठेवते, कारण ते दर प्रदर्शनात असतंच. मनगटातलं कडं, दर दहा मिनिटांनी मुलगी कुठे आहे ते वडिलांच्या मोबाइलवर पाठवणारं. आमच्याकडे ते दोन मुलग्यांनी मनापासून बनवलं होतं. मी मुलींना एवढंच विचारलं, "हे कोण कोण घालेल?" कुणी हात वर केला नाही. एक म्हणाली, "मग मैत्रिणीकडे पण जायचं नाही का?" दुसरी म्हणाली, "लग्नानंतर नवऱ्याच्या फोनवर जाईल ना ते." मुलग्यांना हे सुचलंच नव्हतं आणि सुचणं शक्यही नव्हतं, कारण त्यांच्या येण्याजाण्यावर कुणी पहारा ठेवलेला नव्हता. त्यांनी त्याच बाकावर बसून रचना बदलली: कळ दाबली तरच ठिकाण जाईल, कुणाला जाईल ते घालणारी ठरवेल, आणि जुनी नोंद साठणार नाही. कोडिंगही सोपं झालं.

दुरुस्ती, आणि मूल हिरमुसलं तर

एवढ्या चौकशीनंतर काही मुलांचा चेहरा पडतो. "मग करायचंच नाही का, बाई?" इथे सावध राहा. प्रत्येक कल्पनेवर पाणी ओतणारा शिक्षक मुलांना पुरता ओळखता येतो आणि ती पुढच्या वर्षी गुगलवरून ठरीव मॉडेल आणतात. म्हणून तिसरा प्रश्नही वहीत हवा: हे केलं नाही तर कोण सोसतंय? डुकरांचं नुकसान खरं होतं. त्या मुलाच्या वडिलांची झोप खरी होती. तो विषय टाकून दिला असता तर थेट लाईन सोडणारे ती सोडतच राहिले असते.

त्याने काय केलं ते सांगते, दुरुस्ती कशी दिसते याचा अंदाज येईल. बझर काढला आणि सेकंदाला एकदा लुकलुकणारा दिवा लावला, झटका मशीनचा ठोका दाखवण्यासाठी. शेजारी सतत पेटलेला दुसरा दिवा, थेट लाईन दाखवायला. कुंपण वहाळापासून आणि पाखाडीपासून मागे घेतलं. रात्रीच्या आधी मशीन चालू होणार नाही असा टायमर जोडला. वायरमनला विचारून अर्थिंगच्या सळीची माहिती लिहिली, सूचनेचा फलक मराठीत आणि चित्रात केला, कारण त्याच्या आजीला वाचता येत नाही. जंगलालगतच्या गावांना वनविभागाकडून सौर कुंपणाला अनुदान मिळतं, त्याची चौकशी करून कागद फाइलला लावले. हे आधीच्या मॉडेलपेक्षा जास्त डोकं चालवून केलेलं काम होतं, आणि त्यालाही ते जाणवत होतं.

शेवटचं काम फाइलचं. उजवं पान फाडून टाकू नका, तसंच्या तसं फाइलला लावा, खाडाखोडीसह. अहवालात 'फायदे' या मथळ्याच्या लगेच खाली 'कुणाला इजा होऊ शकते आणि आम्ही काय बदललं' असा मथळा घ्या. मुलाला सांगून ठेवा की परीक्षक टेबलाशी आले की मॉडेल चालू करण्याआधी हेच सांगायचं. काही परीक्षक घाईत असतात, ते म्हणतील, 'ते राहू दे, चालवून दाखव.' तरी दोन वाक्यं बोलायचीच. त्या दोन वाक्यांची तालीम आधी घ्या, घड्याळ लावून, दुसऱ्या वर्गातल्या मुलांसमोर. आणि ज्या माणसाकडे मुलाला पाठवलं होतं, तो वायरमन किंवा ती मावशी, त्यांना प्रदर्शन बघायला बोलवा. आमचे वायरमन आले होते. त्यांनी मॉडेलमधली एक जोडणी उलटी असल्याचं दाखवलं आणि मुलाने ती परीक्षक यायच्या आत बदलली.